बाँडिंगचं ‘वय वाढवायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं?

नवी मुंबईत एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : “मॅडम, माझा प्रबंध युनिव्हर्सल बाँडिंग एजंटवर आहे. डेंटिनला आधी अ‍ॅसिडने एच करून लावला तर आणि एच न करता लावला तर, कुठला बाँड जास्त टिकतो हे बघायचंय. एजिंगसाठी गाइड सर ५०० थर्मल सायकल म्हणतात. सीनियर म्हणते, १० टक्के हायपोक्लोराइटमध्ये तासभर ठेव, काम झालं. कंपनीच्या पत्रकात लिहिलंय की १०,००० सायकल म्हणजे तोंडातलं एक वर्ष. हातात दीड वर्ष आहे. मी काय करू?”

या क्षेत्रात नव्या असलेल्यांसाठी आधी शब्द : बाँडिंग एजंट म्हणजे दाताला फिलिंग चिकटवणारा रेझिनचा द्रव, आणि युनिव्हर्सल म्हणजे एच करून किंवा न करता, दोन्ही प्रकारे चालणारा. एच करणं म्हणजे आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरवडणं. डेंटिन हा दाताच्या कडक बाहेरच्या थराखालचा, म्हणजे इनॅमलखालचा थर. एजिंग म्हणजे बाँड प्रयोगशाळेत मुद्दाम जुना करणं, थर्मल सायकल म्हणजे नमुना आळीपाळीने थंड आणि गरम पाण्यात बुडवणं, आणि हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचचं द्रावण.

आता उत्तर सांगते, मग कारणं. याच महिन्यात नमुन्यांच्या कामाला लागा, त्यांच्या बारीक स्टिक (अर्धा दात, अर्धं फिलिंग अशा काड्या) कापा आणि अर्ध्या स्टिक ३७ अंशांच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये सहा महिने ठेवा. मशीन मिळत असेल तर वेगळ्या गटाला १०,००० सायकल द्या. तुमच्या प्रश्नाला ५०० सायकल पुरत नाहीत. हायपोक्लोराइट वाईट नाही, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं.

आता कारणं. बहुतेक विद्यार्थी एजिंगकडे घड्याळ म्हणून बघतात : इतक्या सायकल म्हणजे इतके महिने. मीही तसंच बघायचे. पण तोंडात बाँड एका कारणाने सुटत नाही. पाणी रेझिनमध्ये झिरपतं आणि त्यातले एस्टर बंध हळूहळू तोडतं. अ‍ॅसिडने उघडं पडलेलं आणि रेझिन न पोचलेलं कोलॅजन डेंटिनमधलीच एन्झाइम्स खातात. गरम-थंडाने दात आणि काँपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात. चावताना दाब येतो. प्लाकमधलं आम्ल कडेवर काम करतं. प्रयोगशाळेतली प्रत्येक पद्धत यातलं एक किंवा दोन कामं करते, बाकीची सोडून देते. म्हणून आधी ठरवायचं की आपला बाँड कुठून तुटेल असं आपल्याला वाटतंय, आणि मग त्याच जागी घाव घालणारी पद्धत निवडायची.

तुमच्या विषयात ही जागा स्पष्ट आहे. ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ सेकंद लावलं की डेंटिनच्या वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज निघून जातं आणि कोलॅजनची जाळी उघडी पडते. या जाळीत रेझिन शिरून जो मिश्र थर तयार होतो, त्याला हायब्रिड लेयर म्हणतात; जपानी संशोधक नाकाबायाशींनी तो १९८२ मध्ये दाखवला. अडचण अशी की रेझिन तळापर्यंत पूर्ण पोचत नाही. खाली पाण्यात भिजलेलं, उघडं कोलॅजन उरतं. २००४ मध्ये पॅशली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जंतूंचा संबंध नसतानाही हे कोलॅजन नाहीसं होतं, कारण ते खाणारी एन्झाइम्स, म्हणजे एमएमपी, डेंटिनमध्येच बसलेली असतात. उलट, एच न करता सौम्य आम्लाचा युनिव्हर्सल एजंट लावला तर बरंच खनिज जागेवर राहतं आणि एजंटमधला एमडीपी हा रेणू त्यातल्या कॅल्शियमला रासायनिक बंधाने धरतो. म्हणजे तुमच्या दोन गटांतला खरा फरक पाणी आणि एन्झाइम्स यांच्यासमोर उघडा पडणार आहे. गरम-थंडाच्या धक्क्याने तो पुरता दिसायचा नाही.

आता ५०० सायकलबद्दल. सरांनी हा आकडा हवेतून काढलेला नाही. दातांना चिकटण्याच्या चाचणीसाठीच्या आयएसओ ११४०५ या आंतरराष्ट्रीय मानकात तो आहे : ५ आणि ५५ अंशांच्या दोन बाथमध्ये ५०० वेळा, प्रत्येक बाथमध्ये किमान २० सेकंद, आणि एका बाथमधून दुसऱ्यात न्यायला ५ ते १० सेकंद. त्याच कागदात २४ तासांची चाचणी आहे आणि सहा महिने पाण्यात ठेवण्याचीही आहे. बहुतेकजण सोपी ती उचलतात. एक सायकल साधारण एका मिनिटाची धरली तर ५०० सायकल ८ तास २० मिनिटांत उरकतात. आमच्या वेळी मशीन नव्हतं. दोन स्टीलची भांडी, एकात बर्फ, दुसऱ्याखाली हॉट प्लेट, आणि नमुने चहाच्या गाळणीत. मी आणि माझी रूममेट आळीपाळीने स्टॉपवॉच धरून बसलो होतो. दुपारी जेवायला गेलो तेव्हा लॅब अटेंडंटकाकांनी चाळीस सायकल केल्या. गरम भांड्यात ५५ होते की ६० हे त्या चाळीस मिनिटांत कुणीच बघितलं नाही.

१०,००० सायकल म्हणजे एक वर्ष, हा हिशोब गेल आणि डार्व्हेल यांच्या १९९९ च्या आढाव्यातून आला. त्यांनी तोवरचे थर्मल सायकलिंगचे प्रयोग तपासले. तोंडात दिवसाला किती वेळा तापमान असं वरखाली होतं याचा पक्का पुरावा त्यांना मिळाला नाही. मग दिवसाला २० ते ५० वेळा धरून त्यांनी वर्षाला सुमारे १०,००० हा आकडा तात्पुरता सुचवला. लोकांनी तात्पुरता शब्द गाळून आकडा तेवढा ठेवला. याच हिशोबाने बघितलं तर ५०० सायकल म्हणजे अठरा-एक दिवस होतात. अठरा दिवसांनी बाँड टिकला, असं प्रबंधात लिहून कुणाला काय कळणार?

शिवाय ५ आणि ५५ अंश ही टोकं आहेत. आम्हा ठाणेकरांना गरम मिसळ खाऊन तलावपाळीवर आइस्क्रीम खायची सवय आहे, म्हणजे टोकं आम्हीही गाठतो. पण घास तोंडात काही सेकंद असतो, आणि डेंटिन व काँपोझिट दोन्ही उष्णता फार हळू वाहून नेतात. बाँडच्या पातळीवर पोचेपर्यंत तो धक्का बराच मंदावतो. मग थर्मल सायकलिंग निरर्थक का? नाही. इनले (बाहेर बनवून चिकटवलेलं फिलिंग), सिरॅमिक किंवा मोठं काँपोझिट असेल तिथे फुगण्या-आकसण्यातला फरक कडा उघडतो. काँपोझिट साधारण दाताच्या दुपटीहून जास्त फुगतं. आणि ५५ अंशांचं पाणी हायड्रोलिसिसही, म्हणजे पाण्याने बंध तुटणंही, थोडं पुढे ढकलतं. १०,००० सायकल म्हणजे जवळपास सात दिवस सतत, त्यामुळे तेवढा वेळ नमुने पाण्यात राहतात हाही परिणाम आत मिसळलेला असतो. फक्त तो वर्षांत मोजू नका.

एकजण मला म्हणाला होता, मग पाणी ८० अंशांवर तापवून आठवड्यात उरकूया, रासायनिक क्रिया तापमानाने वाढतेच. झिर्कोनियासाठी (दातांच्या कॅपचं सिरॅमिक) तसं करतात. ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांवर वाफेत ठेवून त्याचं वय वाढवतात. पण आपल्या बाँडमध्ये कोलॅजन आहे. खनिज निघालेलं कोलॅजन एवढ्या उष्णतेत उलगडून जिलेटिनसारखं होतं आणि एन्झाइम्स मरतात. म्हणजे जे तोंडात कधीच घडत नाही ते तुम्ही घडवलंत, आणि जे घडतं ते बंद पाडलंत. याच कारणासाठी काढलेले दात जंतुमुक्त करायला ऑटोक्लेव्हही करू नका.

दातांवरून आठवलं, इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त प्रबंध इथे बिघडतात. एक्स्ट्रॅक्शनच्या विभागात कोपऱ्यात एक मोठी बरणी असते, त्यात फॉर्मॅलिन, आणि त्यात वर्षभराचे दात. तिथून मूठभर उचलून आणायचा मोह होतो. फॉर्मॅलिन कोलॅजनमध्ये आडवे बंध घालून ते पक्कं करतं. तुम्ही मोजणार आहात कोलॅजनचं कुजणं, आणि दात आधीच त्याविरुद्ध मुरवून ठेवलेले. दात ताजे घ्या, एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन. साफ करून ०.५ टक्के क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात जास्तीत जास्त एक आठवडा ठेवा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये ४ अंशांवर फ्रिजमध्ये. शक्यतो महिनाभरात वापरा. सहा महिन्यांपेक्षा जुना दात घेऊ नका. बरणीवर तारीख लिहायला विसरलात तर ती बरणी तुमच्यासाठी संपली.

आता पाण्यात ठेवण्याची पद्धत. ती रटाळ आहे, पण तुमच्या प्रश्नाला तीच लागते. २००५ मध्ये ल्युवेन विद्यापीठातल्या द मंक आणि सहकाऱ्यांनी बाँडच्या टिकाऊपणावरचं काम एकत्र करून पाहिलं, तेव्हा साधारण तीन महिन्यांतच सगळ्या प्रकारच्या बाँडिंगमध्ये तोंडातल्यासारखे झीज-बिघाड दिसू लागतात असं त्यांनी मांडलं. म्हणजे सहा महिने हा वाजवी काळ आहे, वर्ष मिळालं तर उत्तम.

मात्र अख्खा दात पाण्यात टाकून सहा महिने वाट बघितलीत तर हाती काहीच लागणार नाही. हे मी स्वतः करून बसले आहे. माझ्या प्रबंधात मी भरलेले अख्खे दात एकाच मोठ्या बरणीत ठेवले, झाकण लावलं आणि सहा महिन्यांनी उघडलं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरकच नव्हता. मी आनंदाने लिहिलं की हे मटेरियल टिकाऊ आहे. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी दोनच प्रश्न विचारले : “कडेला सगळीकडे इनॅमल होतं ना? आणि पाणी किती वेळा बदललं?” इनॅमल होतं आणि पाणी एकदाही बदललं नव्हतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण मला सगळं कळलं.

इनॅमलला चिकटलेलं रेझिन फार पक्कं असतं, बोनोकोर यांनी १९५५ मध्ये अ‍ॅसिड एचिंग दाखवलं तेव्हापासूनचा हा आपला सगळ्यात भरवशाचा बाँड आहे. चारही बाजूंनी इनॅमलची कड असली की ती आतल्या डेंटिनच्या बाँडला भिंतीसारखी राखते. पाण्याला कडेपासून मधोमध पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. एक मिलिमीटरच्या स्टिकमध्ये मध्य अर्ध्या मिलिमीटरवर असतो, अख्ख्या दाढेत तीन-चार मिलिमीटरवर. तीन मिलिमीटर धरले तरी छत्तीसपट. म्हणून आधी स्टिक कापायच्या आणि मग पाण्यात ठेवायच्या, म्हणजे चारही बाजूंनी डेंटिनचा बाँड थेट पाण्याला भिडतो. दुसरं, साचलेल्या पाण्यात रेझिनमधून सुटलेले घटक जमा होतात आणि पुढचं सुटणं मंदावतं. आयएसओमध्ये दर सात दिवसांनी पाणी बदलायला सांगितलंय ते जंतू वाढू नयेत म्हणून, पण त्याने हाही दोष जातो. वार ठरवून टाका. मी माझ्या विद्यार्थ्यांना सोमवार सांगते, कारण शुक्रवारी लाइट जाते.

लाइटचं खरंच सांगते. एका मुलीचे नमुने इनक्युबेटरमध्ये होते. शुक्रवारी देखभालीसाठी वीज बंद झाली, पुढे शनिवार-रविवार सुट्टी, आणि वीज आली तरी इनक्युबेटर आपोआप चालू होणारं नव्हतं. सोमवारी पडद्यावर शून्य चमकत होतं, पाणी खोलीच्या तापमानाला. किती तास तसं होतं ते कळायला मार्ग नव्हता. आत एक कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवा, आणि भिंतीवर वहीचं पान चिकटवून रोज तापमान लिहा. परीक्षक ते पान बघतात.

कापण्याचं काम हातात बसायला वेळ लागतो. दाढ अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवून, वरचं इनॅमल काढून, सपाट डेंटिनवर बाँडिंग आणि चार-पाच मिलिमीटर उंचीचं काँपोझिट थराथराने. २४ तास ३७ अंशांच्या पाण्यात. मग डायमंड ब्लेडच्या मंद करवतीवर पाण्याच्या धारेखाली आधी एका दिशेने, नंतर दाढ काटकोनात फिरवून. शेवटी बुंध्यातून कापलं की पांढऱ्या काँपोझिटचं आणि पिवळसर डेंटिनचं अर्धं-अर्धं अंग असलेल्या बारीक काड्या ताटलीत पडतात, उदबत्तीच्या तुकड्यांसारख्या. एका दाढेतून बारा-पंधरा चांगल्या मिळाल्या तर खूप. व्हर्नियरने दोन्ही बाजू मोजा. आडवा छेद एक चौरस मिलिमीटरच्या आसपास आला की सोय अशी की मशीनवर स्टिक ३० न्यूटनला तुटली म्हणजे बाँड ३० मेगापास्कल. कडेच्या, इनॅमल लागलेल्या काड्या वेगळ्या काढा.

आणि एकाच दाढेच्या काड्या दोन भागांत वाटा : अर्ध्या लगेच तोडायच्या, अर्ध्या सहा महिन्यांनी. दाढादाढांतला फरक प्रचंड असतो, तो असा निघून जातो. पण संख्याशास्त्राच्या बाईंना सांगताना दाढ हाच एक नमुना धरा. दहा दाढांच्या दीडशे काड्या म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) दीडशे, असं लिहू नका. कापतानाच तुटलेल्या काड्या मोजून नोंदवा. त्या टाकून दिल्या तर कमकुवत गटच मजबूत दिसतो.

बऱ्याच कॉलेजात काड्या ओढून तोडणारं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन नसतं, त्यासाठी काड्या दुसरीकडे न्याव्या लागतात. छोट्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पाण्यासकट न्या. नेरूळहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत काड्या टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये नेलेल्या मी पाहिल्या आहेत. डेंटिन सुकलं की आकडा बदलतो. काडी सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने जिगवर (मशीनच्या पकडीवर) चिकटवताना गोंद बाँडच्या रेषेवर ओघळणार नाही एवढं बघा, नाहीतर तुम्ही गोंदाची ताकद मोजाल.

सीनियरच्या हायपोक्लोराइटबद्दल. १० टक्के द्रावणात काडी तासभर ठेवली की रेझिनने न झाकलेलं कोलॅजन विरघळून जातं. त्यामुळे हायब्रिड लेयरमध्ये उघडं कोलॅजन किती उरलंय हे लवकर कळतं. पाण्याने रेझिनचं जे होतं ते यात होत नाही, एन्झाइम्सचाही काही संबंध राहत नाही. म्हणून पाण्याच्या गटाच्या जोडीला घ्या, बदली नको. तुमच्या एखाद्या मैत्रिणीचा विषय क्लोरहेक्झिडिन लावून एमएमपी रोखण्याचा असेल, तर तिने हायपोक्लोराइट अजिबात घेऊ नये. ज्या एन्झाइमला रोखायचं तेच त्या प्रयोगात नाही. तिला महिनोन् महिने पाणी किंवा कृत्रिम लाळ लागेल. लाळ बरी, कारण एमएमपीला कॅल्शियम आणि झिंक लागतात.

चघळण्याच्या दाबाच्या मशीनचं थोडक्यात : ५० न्यूटनच्या आसपास दाब, १२ लाख वेळा, आणि हे पाच वर्षांबरोबर धरायची पद्धत आहे. सेकंदाला १.७ वेळा या गतीने आठ दिवस लागतात. मशीन मिळालं तर दाढेवरच्या मोठ्या फिलिंगसाठी छान आहे. तुमच्या दोन गटांसाठी तो खर्च करू नका. त्यापेक्षा प्रत्येक गटातून दोन-चार काड्या बाजूला ठेवून अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमध्ये अंधारात २४ तास भिजवा आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघा. पाणी जिथे शिरतं तिथे चांदी दिसते, हायब्रिड लेयरमध्ये झाडाच्या फांद्यांसारखी. आकडा का घसरला ते त्या एका चित्रात दिसेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याच बाथमध्ये येत नाही. आपण प्रयोगात विशी-पंचविशीतल्या मुलांच्या अक्कलदाढा घेतो, बऱ्याचशा हिरडीखालून काढलेल्या, एकही घास न चावलेल्या. आणि माझ्या ठाण्यातल्या दवाखान्यात खुर्चीत बसते ती साठीतली आजी, जिने चाळीस वर्षं मशेरी घासली आहे आणि जिच्या दातांच्या मानेशी पिवळी, काचेसारखी चकचकीत खाच पडली आहे. त्या डेंटिनच्या नळ्या खनिजाने बुजलेल्या असतात, अ‍ॅसिडही तिथे नीट काम करत नाही. बाँडचं वय वाढवताना दाताचं वय आपण वाढवत नाही. प्रबंधाच्या मर्यादांमध्ये हे एक वाक्य जरूर लिहा, आणि दातांचे दाते कुठल्या वयाचे होते तेही.

सरांशी बोलताना ५०० चुकीचं आहे असं म्हणू नका. सांगा की ११४०५ मध्येच सहा महिन्यांचा पर्याय आहे आणि आपल्या विषयाला तो जवळचा आहे. ते मान्य करतील. वेळेचा हिशोब : दात जमवायला दोन महिने, बाँडिंग आणि कापायला दीड, सहा महिने पाणी, तोडायला आणि मायक्रोस्कोपला दोन, लिहायला उरलेले. पाण्याचे सहा महिने चालू असताना तुम्ही परिचयाचा भाग लिहून काढू शकता. आणि निष्कर्षात “एक वर्षाच्या वापराइतकं” असं लिहू नका. लिहा : “३७ अंश सेल्सिअसच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, दर आठवड्याला पाणी बदलून, सहा महिने ठेवल्यानंतर.”